नॉर्मल रिपोर्टचं भरीत

मेंदूचा फोटो काढायचा हट्ट नवलनेच धरला होता, त्यामुळे आता बोंब मारायलाही त्याला तोंड उरलं नव्हतं.

धुळ्यातल्या देवपूरच्या डॉक्टर मयुरी पहिल्याच भेटीत म्हणाल्या होत्या, "एमआरआयची गरज नाही. नॉर्मलच येईल." पण हा ऐकतो कसला. कापसाच्या जिनिंगला आग लागली त्याला वर्ष होत आलं होतं. तेव्हापासून नवलची झोप गेली होती. कुकरची शिट्टी झाली की तो अंगणात पळायचा, आणि दाराकडे पाठ करून जेवायला काही केल्या बसायचा नाही. त्याने किती सांगितलं तरी घरात या सगळ्याला एकच नाव होतं, आळस. "हातपाय धड शेतस, खास, पेस, मंग कामले जावाले काय धाड भरनी?" असं वडील, लोटनआबा, येता-जाता ऐकवायचे.

बापाला डोक्यातला बिघाड डोळ्यांनी दाखवावा, म्हणजे बोलणी तरी थांबतील, असा नवलचा बेत होता. तो जिनमधला फिटर. मशीन अडलं की उघडायचं, झिजलेला भाग काढून शेठच्या हातावर ठेवायचा, की शेठ मुकाट नवा आणून देतो. डोक्याचं तरी काय वेगळं असणार? म्हणून जळगावला जाऊन, त्या नळीतली खडखड दात आवळून सोसून त्याने फोटो काढला. आणि रिपोर्टात काय, तर सगळं नॉर्मल.

"असं कसं नॉर्मल?" तो डॉक्टरांवरच उखडला. "मग मी काय नाटक करतो?"

"नाही," मयुरी म्हणाल्या. "तुम्ही फिटर ना? बंद मशीनचा फोटो पाहून ते चालताना कसं खडखडतं ते कळेल का? या फोटोत मेंदूची ठेवण दिसते, चालणं नाही. संशोधनात वेगळं स्कॅन करतात. असा धक्का बसलेल्या पुष्कळ जणांत धोका ओळखणारा भाग जरा कशाने पेटून उठतो, आणि त्याला गप्प करणारा पुढचा भाग ढिला पडतो. पण हे अनेक माणसांची तुलना करून कळतं. एकट्या तुमच्या फोटोवर बोट ठेवून दाखवता येत नाही. तुमचं दुखणं मला तुमच्या बोलण्यातून कळलंय, आणि त्यावर उपचार आहेत. दर मंगळवारी येत राहा."

"मला पटलं हो," नवल म्हणाला. "पण बोट ठेवल्याशिवाय आमच्या घरात कोणी ऐकत नाही."

बोलण्यातून म्हणजे पुनाच्या गोष्टीतून. पुना जिनमधला त्याचा जोडीदार. आगीत पुनाचा हात नवलच्या हातात होता. मग वरून पत्रे कोसळले आणि नवल एकटाच बाहेर आला. हे त्याने फक्त डॉक्टरांना सांगितलं होतं. आबा पुनाच्या तिरडीला खांदा देऊन आले होते, पण आत काय झालं ते त्यांनी कधी विचारलं नाही.

धाकटा भाऊ प्रेमराज सोबत आला होता. त्याने रिपोर्टातला तेवढा एक शब्द वाचला आणि धुळ्याच्या स्टँडवरूनच घरी फोन लावला. नवल घरी पोचला तेव्हा आबांच्या हातात साखर होती. "बठ्ठं नॉर्मल शे," ते दारात भेटेल त्याला सांगत होते. नुसतं सांगून थांबले नव्हते. नवल सोमवारी कामावर येतो असं शेठला कळवून मोकळे झाले होते आणि रविवारी शेतात भरताचा बेत ठरवला होता. चंपाषष्ठी होऊन गेलेली, वांगी जोमात, भाऊबंद एका पायावर तयार. करायला गेला गणपती आणि झाला मारुती, तसली गत.

भरताची वांगी पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या, जाळावर भाजतात. रूपाने, नवलच्या बायकोने, सासऱ्यांना सांगून पाहिलं. "आबा, पऱ्हाट्या नका पेटाडा. त्यास्ले कापूस जयाना वास सहन व्हत नही."

"मंग भरीत काय गॅसवर भाजू? लोके हसतीन," आबा म्हणाले.

"तुम्ही नकाच जाऊ," ती नवलला म्हणाली. पण न जाऊन कसं चालेल? गेला नाही तर पुन्हा नाटकी ठरणार. शिवाय त्याच्या मनात एक चोरटा विचार होताच. एवढं मोठं मशीन नॉर्मल म्हणतंय, तर आपणच भेकड असू. या विचाराची त्याला स्वतःलाच चीड येत होती.

रविवारी सकाळी शेतात वांगी रचली गेली. प्रेमराजने काडी लावली. वाळल्या पऱ्हाट्यांना कुठेकुठे बोंडं राहिली होती, त्यांतला कापूस भप्पकन पेटला. तो वास नाकात गेला आणि नवलला समोर शेत दिसेनासं झालं. आबा वाकून काठीने वांगी परतत होते. नवलने मागून त्यांच्या काखेत हात घातले आणि त्यांना ओढत निघाला.

"पुना, ऊठ! पुना, बाहेर चाल!"

भाऊबंद आधी हसले. आबांची टोपी पडली, टाच सोलली, "सोड रे" म्हणून ते ओरडले, तरी ओढणं थांबेना. थेट बांधापर्यंत. तिथे आबांनी मान वळवून पोराचं तोंड पाहिलं. तो त्यांच्याकडे पाहतच नव्हता. ऐन थंडीत घामाने डबडबला होता, आणि त्याच्या काळजाची धडधड आबांना आपल्या पाठीला लागत होती. आता कोणी हसत नव्हतं.

"निंघनू रे भो," आबा हळूच म्हणाले. "मी बाहेर निंघनू. सोड आते."

तेव्हा कुठे नवलचे हात सुटले.

"पन आबा, रिपोर्ट ते नॉर्मल..." प्रेमराजने तोंड उघडलं.

"चूप बस." आबांनी पिण्याच्या पाण्याचा हंडा उचलला आणि जाळावर ओतला. अर्धकच्ची वांगी राखेत पडून राहिली. मग त्यांनी शेठला फोन लावला. "सोमवारले नवल येवाव नही," एवढंच बोलून ठेवून दिला.

नवलला बरं वाटायला हवं होतं. उलट तळपायाची आग मस्तकात गेली. चारचौघांत तमाशा झाला तेव्हा यांना पटलं.

"आबा, वरीसभर मी तोंड फोडी सांगी ऱ्हायनू तुमले," तो म्हणाला. "तव्हय काबर नही पटनं?"

आबा सोललेल्या टाचेवरची माती झटकत राहिले. मग म्हणाले, "मंगळवारले देवपूर जावानं शे ना? मी येसू."

"तठे फोटो नही काढतस आबा. नुसतं बोलनं पडस."

"तू बोल," आबा म्हणाले. "मी ऐकसू."