डालचंदची गाजलेली मॅच

गोदाबाईच्या घरी भाड्याने राहायला आलेल्या गोऱ्या माणसाचं नाव होतं डेल. पण मध्य प्रदेशातल्या आमच्या बालाघाटात डेल कोण म्हणणार? वॉर्डाने आठवडाभरात त्याचा डालचंद करून टाकला, आणि तो गडीही असा, की 'डालचंद' म्हटलं की 'हौ' म्हणून वळायचा. अडुसष्ट सालची गोष्ट. अमेरिकेहून तो आला होता आपल्याकडच्या शेतकऱ्यांना कोंबड्या पाळायला शिकवायला. आता कोंबड्या काय आपल्याला माहीत नव्हत्या? पण सरकारी डोकं ते, त्याच्यापुढे कोणी बोलावं. कोंबड्यांचं नाव काढताच मोठमोठ्या घरमालकांनी 'जागा नाही' म्हणून त्याला वाटेला लावलं. तेव्हा गोदाबाई म्हणाली, "माह्या घरी राय बापू. आमाले कायचा विटाळ?" छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलेलं घर ते. तिने मागची खोली झाडून दिली आणि अंगणात खुराडंही बांधू दिलं.

गोदाबाई म्हणजे साधं प्रकरण नव्हतं. नवरा चैतराम खाणीत दगड फोडायचा, तो छातीच्या दुखण्याने गेला. तेव्हापासून राइस मिलमध्ये धान पाखडून तिने एकुलत्या तेजरामला वाढवलं. मिलच्या मुकादमाचीही तिच्यासमोर आवाज चढवायची टाप नव्हती. तिने एकच गोष्ट मनाशी बांधली होती. पोरगा खाणीत गेलाच तर ऑफिसात खुर्चीवर बसायला जाईल, घमेलं उचलायला नाही.

डालचंदची कहाणी तिला हळूहळू कळत गेली. हिंदी तो शिकून आला होता, मराठी त्याने तिच्या चुलीपाशी बसून उचलली. तिकडे तो खेळाडू होता म्हणे. हौसेचा नव्हे, पगारी. "खेळाचा पगार भेटते?" गोदाबाईने पुन्हा पुन्हा विचारून खात्री केली, कारण तेजरामही रात्रंदिवस कबड्डी खेळायचा आणि शेजारपाजारचे त्याला रिकामटेकडा म्हणायचे. डालचंदच्या खेळाचं नाव फुटबॉल, पण चेंडू हातात घेऊन पळायचं. चेंडूसुद्धा गोल नाही, दोन्हीकडून निमुळता. "पायानं खेळत नाही अन् फुटबॉल म्हणता," गोदाबाई म्हणाली, "तुमच्याकडं शाळा नाहीत काय रे?" तो हसून हसून लाल झाला.

त्याची जागा क्वार्टरबॅकची. म्हणजे लग्नघरातल्या कारभाऱ्यासारखी. कोणी कुठे पळायचं, कोणी कोणाला अडवायचं, हे आधी त्याने सांगायचं. डाव सुरू झाला की चेंडू पहिल्यांदा त्याच्या हातात, आणि समोरचे रेड्यासारखे गडी त्यालाच लोळवायला धावणार. तेवढ्या वेळात न घाबरता आपला मोकळा माणूस हेरायचा आणि चेंडू बरोबर त्याच्या हातात टाकायचा. एकदा त्याने कच्ची पपई घेतली, तेजरामचा दोस्त महागू याला गल्लीच्या पार टोकाला पळायला लावलं, आणि पपई अशी फेकली की ती गरगर फिरत गेली आणि पळत्या महागूच्या छातीशी जाऊन बसली. खांदा दुखतो म्हणून नंतर तो दोन दिवस डाव्या हाताने जेवला. पण त्या दिवसापासून पोरं त्याच्यावर जीव टाकायला लागली.

आणि त्याची ती मॅच. बर्फ पडत होता, त्याची टीम हरत चालली होती. दोघांनी मिळून त्याला असं आपटलं की लोकांना वाटलं हा आता उठत नाही. तो उठला. उठला आणि शेवटच्या घटकेत टीमला जिंकवून आला. गावाने खांद्यावरून मिरवलं, पेपरात पानभर फोटो. कितीतरी वर्षं तो दुसऱ्याच्या मागे बाकावर बसून राहिला होता, त्याचं त्या दिवशी सोनं झालं. पुढे टीमने त्याला दुसऱ्या शहराच्या टीमला विकून टाकलं. "बैल विकतात तसं," असं तोच सांगायचा, पण कोणाला वाईट बोलायचा नाही. गोदाबाईकडे पाहुणा आला की पहिलं चहापाणी, मग ती हुकूम सोडायची, "डालचंद, ते बर्फाची मॅच सांग." आणि तो दरवेळी तितक्याच गोडीने सांगायचा. आपलाच पोरगा जिंकून आल्यासारखी ती बघत राहायची.

तेजराम त्याच्याकडून बरंच शिकला. चढाईला जाताना समोरच्याच्या डोळ्यांत नाही, पायांकडे बघायचं. आपल्या टीममधला कोण दमलाय, कोण चिडलाय, हे कप्तानाला न विचारता कळलं पाहिजे. त्या थंडीत जिल्ह्याच्या सामन्यात तेजरामची टीम समोर येईल त्याला धूळ चारत सेमीफायनलपर्यंत गेली. खाणीच्या कबड्डी टीमसाठी पोरं निवडायला एक साहेब आले होते, ते म्हणाले, फायनल बघतो आणि नाव पुढे पाठवतो. टीममध्ये घेतलं की नोकरी, तीही ऑफिसातली. गोदाबाईने त्या रात्री आनंदाने दोन घास कमीच खाल्ले.

सेमीफायनलमध्ये तेजरामला तिघांनी धरलं आणि तो डोक्यावर आपटला. तरी तिघांना ओढत त्याने मधली रेषा गाठली. उठून पुढचा सगळा खेळ खेळला आणि जिंकला. घरी मिठाई आली, गल्ली जमली, तेजराम हातवारे करून सांगायला लागला. सगळे वाहवा करत होते. डालचंद तेवढा त्याच्या डोळ्यांकडे निरखून बघत होता.

"तेजराम," तो म्हणाला, "तुहा पाय कोणं धरला होता?"

तेजरामने महागूकडे पाहिलं. महागू म्हणाला, "त्या वारासिवनीच्या उंच ढांग्यानं."

"अन् त्याच्यानंतर तू चढाईले गेला, तवा कोण बाद झाला?"

"सांग ना बे महागू," तेजराम हसत म्हणाला. महागूने सांगितलं. लोक पुन्हा हसले. गोदाबाईला काही वावगं वाटलं नाही.

सकाळी तेजराम अंगणात ओकला. मिठाई जास्त झाली म्हणून ती त्याला लिंबूपाणी करत होती, तेवढ्यात डालचंद येऊन चुलीपाशी बसला.

"मावशी, आज फायनलले त्याले खेळू देऊ नको."

"काहून?"

"त्याच्या डोक्याले मार बसला. कालची मॅच त्याले आठवत नाही. महागू सांगते तेच तो सांगून राह्यला."

गोदाबाईचा पारा चढला. "सकाळी सकाळी काय बोलतं तू? आज साहेब नाव पाठवते. माह्या पोराच्या ताटात आलेला घास काढतं काय? तू नाही पडला का डोक्यावर? पडून उठला, खेळला, जिंकला. दुनियेले सांगत फिरतं. मंग माह्या पोराले काहून नाही?"

डालचंदने चुलीतलं लाकूड आत सारलं.

"मावशी, ते मॅच मले आठवत नाही."

"कोणतं?"

"तेच. बर्फाचं. मी पडलो ते आठवते. मंग दवाखान्यात डोळे उघडले ते आठवते. मधातलं काही नाही. लोकांनी सांगितलं, पेपरात वाचलं, ते पाठ केलं. तेच तुले सांगत होतो. पुढच्या मॅचले त्यायनं मले पुन्हा उभं केलं. मी नाही म्हटलं नाही. पुन्हा पडलो. माही पोरगी पहिल्यांदा चालली तवा मी तिच्या समोर होतो म्हणतात. ते बी मले आठवत नाही."

गोदाबाईने हातातलं लिंबू खाली ठेवलं. तिला त्याचा राग आला होता, तो कुठल्या कुठे गेला. एवढा मोठा माणूस. छाती पुढे काढून सांगावी अशी त्याच्यापाशी एकच गोष्ट होती, आणि ती त्याने तिच्या पोरासाठी स्वतःच्या हाताने मोडून टाकली. खेळात त्याने काय पराक्रम केले ते तिने पाहिले नव्हते. हा तिने पाहिला. तिच्या लेखी त्याच्याएवढा मर्द खेळाडू दुसरा झाला नाही, आणि पुढे आयुष्यभर ती हे सगळ्यांना बजावून सांगत राहिली.

संध्याकाळी मैदान भरलं होतं. टीम रिंगणात उतरायच्या आधी गोदाबाई पदर खोचून थेट आत गेली आणि तिने तेजरामचं मनगट धरलं. लोक हसले. कोणीतरी शिटी मारली. तेजराम म्हणाला, "माय, सोड, लोक पाहून राह्यले." ती म्हणाली, "पाहू दे."

खाणीचे साहेब खुर्चीवरून उठून आले. बिचारे भले गृहस्थ होते. म्हणाले, "बाई, आज नहीं खेला तो नाम नहीं जाएगा. दूसरे लड़के का भेजना पड़ेगा."

गोदाबाईच्या डोळ्यांपुढून ती खुर्ची गेली, टेबल गेलं, महिन्याच्या महिन्याला हातात पडणारा पगार गेला. "दूसरे का भेजो साहब," ती म्हणाली. तिने मनगट सोडलं नाही.

घरी येताना तेजराम रस्ताभर तिला बोलत होता. तू माही जिंदगी खराब केली, तुले माहं चांगलं पाहावत नाही, बाप असता तर असं होऊ देलं नसतं. बापाचं नाव निघालं तेव्हा मात्र तिला रडू फुटलं. डालचंद दुसऱ्या बाजूने चालत होता. तेजराम त्यालाही सोडत नव्हता, आणि तो सगळं मान खाली घालून ऐकून घेत होता. गोदाबाईच्या मनात आलं, मी चुकले तर नाही ना? पोरगा तर चांगला धडधाकट भांडतोय.

रेल्वे फाटक बंद होतं. छोट्या लाइनची गाडी रेंगाळत गेली, शेवटचा डबा पुढे सरकला. तेजरामने इकडेतिकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावरचा राग पुसल्यासारखा झाला होता. लहानपणी झोपेतून उठल्यावर बघायचा, तसं त्याने आईकडे पाहिलं.

"माय," त्याने विचारलं, "आपण कोठून येऊन राह्यलो?"

डालचंदने पुढे होऊन तेजरामच्या खांद्यावर आपला दुखरा हात टाकला आणि दुसरीकडे तोंड वळवलं. गोदाबाईने पदराने डोळे पुसले.

"मॅच खेळून," ती म्हणाली. "जिंकला तू. चाल घरी."