लुगड्यांत गुंडाळलेली पेटी

उमरेडजवळच्या एका गावात, १९८३ च्या फेब्रुवारीत, विणकर अंजनाबाईच्या हरभऱ्याच्या वावरात आभाळातून एक पेटी उतरली. पल्सर म्हणजे भोवऱ्यासारखा गरगरणारा मेलेला तारा; त्यातला एक सेकंदाला तीसदा गरगरतो. त्याच्याकडून येणारे गॅमा किरण टिपायला ती हैदराबादेहून फुग्याला बांधून वर गेली होती. आपटल्यानं झाकण उचकटलं होतं आणि फटीतून फिल्मचं टोक डोकावत होतं.

पोलीस पाटील रुपराव पाना घेऊन धावले. "आत बॉम्ब असन तर? खोलूनच पाहतो."

अंजनाबाई सरळ पेटीवर बसली. "काहून खोलता जी? ऊन लागलं का रीळ नासते. इतवारीतल्या फोटोवाल्यानं माह्या लग्नाचे सारे फोटो असेच नासवले."

"अन् फुटला तर?"

"तर पहिले मीच जाईन ना!"

तिनं घरून कोरी लुगडी मागवली आणि पेटीला सात पदर गुंडाळले. पेटीवर नागपूरच्या एका कॉलेजचा फोन नंबर होता. तो रुपरावांनी उमरेडहून लावला. दुपारच्या एसटीनं भौतिकशास्त्राच्या प्राध्यापिका अरुंधती आल्या, तेव्हा चार बाया पेटीभोवती बसून हरभरे सोलत होत्या. लुगडी पाहून अरुंधतींना आधी हसू आलं आणि मग रडूच कोसळलं. दोन वर्षांची मेहनत त्या पेटीत होती.

पंधरा दिवसांनी त्या एक फोटो घेऊन परत आल्या. वरची दोन वेटोळी सोडता सगळी फिल्म शाबूत निघाली होती. फोटोत एका बिंदूतून दोन रेघा फुटल्या होत्या.

"इथे गॅमा किरण संपला आणि दोन कण जन्मले. हा इलेक्ट्रॉन, हा पॉझिट्रॉन, म्हणजे उलट्या भाराचा इलेक्ट्रॉन. अंतराळातूनही पॉझिट्रॉन येतात, पण त्यांचं माहेर कुठलं ते कळत नाही. मला वाटतं, सेकंदाला तीस गिरक्या घेणाऱ्या त्या ताऱ्यासारखे पल्सरच."

"जुळे दिसून राहिले," अंजनाबाई म्हणाली. "परत भेटले तर?"

"दोघंही नाहीसे होतात. उरतात नुसते किरण."

"माह्या दोन जावाबी अशाच! भेटल्या का ठिणगी."

सगळ्या बाया खो खो हसल्या. माहेर पक्कं ठरवायला इतके फोटो पुरणार नव्हते, अजून फुगे सोडावे लागणार होते. तरी त्या दिवशी अरुंधतींना त्याचं काही वाटलं नाही. रुपराव मात्र केव्हाचे गंभीर होऊन बसले होते.

"मॅडम," ते शेवटी म्हणाले, "सेकंदात तीस गरके मारते, तर तो तारा फाटून काहून नाही जात जी?"

अरुंधतींनी पर्स खाली ठेवली आणि मातीत काडीनं गोल काढला. शेवटची एसटी त्यांच्या मागून निघून गेली, त्यांनी वळूनही पाहिलं नाही.