ज्यांनी भंडारा उचलला नाही

परभणीच्या स्टेशनाकडच्या अंगाला एक जिनिंग होतं. रेचे म्हणायच्या त्या यंत्रांवर कापूस घालून सरकी वेगळी करायचं काम बायांकडं, त्यातल्या बहुतेक भीमनगरच्या. निघालेली रुई दाबून गठाणी बांधायचं काम प्रेसवरच्या गड्यांकडं, ते बहुतेक मराठ्यांचे. सगळे रेचे एका इंजिनावर आणि एका लांब पट्ट्यावर चालायचे. पट्टा तुटला की काम थांबायचं आणि त्याबरोबर मालक बन्सीधर शेठ हजेरीही थांबवायचा. पट्टा जोडेपर्यंत माणसं आवारात ताटकळत बसायची. घरी जायची परवानगी नाही आणि बसल्याची मजुरी नाही. पट्टा जुना होता, सारखा तुटायचा. नवा आणायची शेठला काय घाई असणार?

दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती. त्या साली कापूस उदंड आला आणि गाड्यांची रांग सडकेपर्यंत गेली. अडवायचं तर आत्ताच, हे प्रेसवरच्या किशनरावानं बरोबर ओळखलं. पट्टा तुटला तरी हजेरी धरा, एवढी एकच मागणी. ती पुरी होईस्तोवर कुणी एकट्यादुकट्यानं कामावर जायचं नाही.

माणसं हो म्हणाली. पण आपल्याकडं हो म्हणायला काय लागतं? म्हणून किशनरावानं सगळ्यांना खंडोबाच्या देवळात नेलं. एकदा बेल-भंडारा उचलला की फुटायची कुणाची छाती होणार, असा त्याचा हिशेब. एकेका गड्यानं भंडारा उचलला. किशनरावाचा साडू सिताराम तर डोळे मिटून इतका वेळ उभा राहिला, की मागच्याला त्याला ढोसावं लागलं.

भीमनगरच्या बाया देवळाबाहेरच थांबल्या. त्यांच्यातली पंचफुला पुढं आली. चाळिशीची बाई, बोलायला फटकळ.

"आमी धम्म घेतलाय, किशनराव. देवाचं आमी उचलत न्हाई. कामावर जायचं न्हाई असा शब्द देतो, तो धरा."

"शब्दाला कुठं धरावं?" सिताराम आतून म्हणाला.

गडी हसले. किशनराव हसला नाही, पण त्यानं त्यांना गप्पही केलं नाही. वर फैसला दिला: शेठशी बोलायला भीमनगरचं कुणी यायचं नाही. बायांनी पुढच्या फाटकासमोर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत बसायचं. मागचं फाटक शपथ घेतलेले गडी राखतील.

"आमच्यावर नजर ठेवायलाव का तुमी?" पंचफुलानं विचारलं.

"तसं न्हाई," किशनराव म्हणाला. तसंच होतं, आणि ते दोघांनाही कळत होतं.

जिनिंग बंद पडलं. बाया पुढच्या फाटकावर बसून राहिल्या. गाड्या सुटेनात, गाडीवान शिव्या द्यायला लागले, तेव्हा शेठनं बोलणी करायला बोलावलं. बरोबर यायचा तो सिताराम ऐन वेळी सापडेना. किशनराव एकटाच गेला. शेठनं त्याला खुर्ची दिली, चहा मागवला.

"बोला. कुणाकडून आलात?"

"समद्यांकडून."

तेवढ्यात इंजिन सुरू झालं. पायाखालची फरशी थरथरली आणि किशनरावाच्या हातातली कपबशी वाजायला लागली.

"तुमचे प्रेसवाले सकाळीच आले," शेठ शांतपणे म्हणाला. "मागच्या फाटकानं. सिताराम पुढं होता. देवाला नारळ फोडून माफी मागून आलो, म्हणाला."

कुंपणानंच शेत खाल्लं होतं. किशनरावाला राग नंतर आला, आधी लाज वाटली. ज्यांच्या जिवावर 'समद्यांकडून' म्हणालो, ते याच्याच छपराखाली उभे आहेत आणि हे याला आपल्याआधी माहीत आहे. हातातला चहा धड पिता येईना, धड खाली ठेवता येईना.

पण इंजिनाचा आवाज मोकळा होता. रेच्यांवर कापूस पडत नव्हता. ते बायांचं काम, म्हणून गडी कधी शिकलेच नव्हते. रुईच नाही तर प्रेसवाले दाबणार काय? शेठलाही ते कळत असणार, कारण तो खुर्ची पुढं ओढून हळू आवाजात म्हणाला, "किशनराव, तुमच्या गड्यांची हजेरी धरतो. पट्टा तुटला तरी धरतो. बायांचं मात्र जमणार नाही. त्यांना समजावून आत पाठवा, म्हणजे मिटलं."

किशनरावानं तिथंच उठायला हवं होतं. तो म्हणाला, "विचारून सांगतो."

पुढच्या फाटकापर्यंतचं आवार त्याला संपता संपेना. बाया उन्हात बसल्या होत्या, एकही उठलेली नव्हती. इंजिन त्यांनीही ऐकलं होतं. त्यानं प्रेसवाल्यांचं सांगितलं, नारळाचंही सांगितलं. कुणीतरी फिसकन हसलं. पंचफुला हसली नाही.

"तुमच्या शपथेला सोडवणारा देव तरी हाय," ती म्हणाली. "आमी एकमेकींला शब्द दिलाय. आमाला कुणी सोडवावं? बरं, शेठ काय म्हणला?"

त्यानं तेही सांगितलं. खोटं बोलायचं बळच उरलं नव्हतं.

"मंग तुमी काय म्हणलाव?"

"विचारून सांगतो म्हणलो."

"मंग विचारा."

सगळ्या बाया त्याच्याकडं बघत होत्या. विचारायचं काय? तुम्हाला सोडून आमचं भागवून घेऊ का? धरणीनं पोटात घ्यावं असं त्याला वाटलं. शेवटी तो खाली बघत म्हणाला, "बाई, तुमी चला आत. मी बोलायच्या लायकीचा राह्यलो न्हाई."

"न्हाईच राह्यलाव," पंचफुला उठत म्हणाली. "पर चला संगं. ऐकायला."

आत तिला कुणी खुर्ची दिली नाही. किशनरावानं आपली पुढं सरकवली, तिनं ती घेतली नाही. शेठनं दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं. कोणाचा हात वर आहे हे त्याला लगेच समजलं, धंदा उगाच नव्हता केला त्यानं. या वेळी तो तिच्याशी बोलला, आणि बराच गोडीनं.

"बाई, तुमच्या बायांची हजेरी धरतो. पट्टा तुटला तरी. प्रेसवाले तर तुम्हाला सोडून आत आलेच आहेत, त्यांचं तुम्हाला काय? त्यांचं राहू द्या."

डाव तोच होता, फक्त पानं फिरवलेली. किशनराव तिच्या तोंडाकडं बघत राहिला. आत सिताराम होता, देवळात हसलेले सगळे होते. तिनं त्यांना वगळलं असतं तर जगात कुणी तिला नाव ठेवलं नसतं. निदान उत्तर द्यायला तिनं जरा थांबावं, असं त्याला आतून वाटत होतं.

"न्हाई," पंचफुला म्हणाली. "धरायची तर समद्यांची धरा. आत गेले त्यांची बी. न्हाई तर फिरू द्या इंजिन मोकळं."

शेठनं खिडकीतून गाड्यांची रांग पाहिली आणि बरं म्हणाला.

मागणी पुरी झाली. त्या दिवसापासून पट्टा तुटला तरी हजेरी मिळायला लागली, सितारामला, सगळ्यांना. किशनरावालाही मिळाली. पंचफुलानं त्याच्यासारखं एकदा, नुसतं एकदा, 'विचारून सांगते' म्हटलं असतं, तर ती हजेरी त्याला निवांत घेता आली असती.