माझी सगळ्यात आखूड फेक

मित्रांनो, मी एक जुना, गंजका लोखंडी गोळा आहे. गोळाफेकीसाठी जन्मलो खरा, पण माझी बरीच वर्षं शाळेच्या कार्यालयाचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून त्याला टेकून बसण्यात गेली. येणारा-जाणारा ठेचकाळायचा आणि वर मलाच शिव्या द्यायचा. असो. माझा स्वभाव मुळातच जड, मी फारसं मनाला लावून घेत नाही.

भट्टीत लोखंड वितळवून साच्यात ओतलं, लेथवर घासून मला गुळगुळीत केलं आणि तापीकाठच्या या शाळेत पाठवलं. तुम्हाला वाटेल, गोळ्याला फक्त हात कळतो. तसं नाही. फेकण्याआधी खेळाडू मला मानेला, जबड्याखाली टेकवतो. तिथे रक्ताची धडधड ऐकू येते. म्हणून मी माणसं मानेवरून ओळखतो.

माझी पहिली लाडकी मान समाधानची. त्याने जिल्ह्यात पहिला नंबर काढला तेव्हा गावाने त्याची मिरवणूक काढली आणि मलाही हार घातला. मला गळाच नाही, त्यामुळे तो घरंगळला, पण मी फुशारलो होतो हे खरं.

मग एका उन्हाळ्यात ती मान बदलली. एकाएकी जाड झाली, तिच्यावर फोड आले आणि धडधड उभ्या जागी पळायला लागली. तालमीतल्या कोणीतरी त्याला ताकदीची इंजेक्शनं सुरू केली होती. मी पूर्वीपेक्षा लांब जात होतो आणि लोक टाळ्या वाजवत होते. मला मात्र भीती वाटत होती. पुढे मोठ्या स्पर्धेत त्याच्या लघवीचा नमुना तपासला, औषध सापडलं, बंदी आली. तब्येतही ढासळली. समाधान मैदानावर यायचा बंद झाला आणि माझी रवानगी दाराशी झाली.

किती उन्हाळे गेले कोण जाणे. एक दिवस कोणीतरी मला दारातून उचलून मानेला लावलं. मान बारीक होती, पण धडधड संथ. समाधान! तो मुलांना गोळाफेक शिकवायला आला होता. पहिल्याच दिवशी त्याने आपली सगळी हकीकत मुलांना सांगितली, काही न झाकता. मला त्याचा फार अभिमान वाटला.

त्याच्या हाताखाली संघमित्रा तयार झाली. मुलींच्या गोळ्यापेक्षा मी जड, म्हणून ती माझ्यावर सराव करायची आणि संध्याकाळी मला घरी न्यायची. तिचे वडील भटूआबा केळीच्या बागांत मजुरीला जात. घडांवर टॉनिक फवारायचं, म्हणजे केळी फुगते, हे त्यांचं रोजचं काम. पोरीवर त्यांचा भारी जीव.

धुळ्याची स्पर्धा जवळ आली. पहिल्या दोघी राज्यासाठी निवडल्या जाणार होत्या आणि संघमित्राची फेक थोडी कमी पडत होती. विहारातली वंदना आटोपून ती घरी आली, तर आबा अंगणात थांबलेले. त्यांनी खिशातून काचेची छोटी बाटली काढली.

"बेटा, हाई टॉनिक शे. केयीना घडले मारतस ना, तसंच. तुनासाठे आनं."

"आबा, हाई इंजेक्शन शे. समाधानभाऊनं काय व्हयनं, माहीत शे ना?"

"त्यानी भलतंच लिधं. आनि हाई काय दारू शे का? पाचवं शील मोडत नही."

संघमित्राने त्यांचा बाटलीचा हात मागे सारला.

"पाचवं नही, आबा. दुसरं मोडस. न देल वस्तू लेवू नही, आशे आपीन रोज म्हनतस. मना हातमा बळ नही आनि नंबर मी लिधा, ते तो दुसरी पोरना. तिनी माले तो कधी देल शे?"

आबांनी बाटली फेकली नाही, परत खिशात ठेवली. स्पर्धेच्या सकाळी मैदानाबाहेरही त्यांचा हात खिशाकडे जात होता. संघमित्राने नकारार्थी मान हलवली आणि सरावासाठी मला उचललं. धडधड जोरात होती, पण तिची होती.

तिने त्या दिवशी आयुष्यातली सगळ्यात लांब फेक केली. तरी नंबर तिसरा आला. दुसरी आली सरिता, सातपुड्याच्या पायथ्याची मुलगी. तिची आई दिवालीबाई लाकूडफाटा गोळा करून घर चालवायची. नाव पुकारल्यावर ती माउली पोरीला मिठी मारून हमसून हमसून रडायला लागली. संघमित्रा धावत गेली आणि तिने सरिताचा हात हातात घेतला.

भटूआबा ते पाहत उभे होते. हलक्या आवाजात ते समाधानला म्हणाले, "हाई पोरना नंबर मी लेतू, भाऊ." समाधानने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

घरी आल्यावर आबांनी बाटली अंगणाच्या कोपऱ्यात एका दगडावर ठेवली. संघमित्राला लांब उभं केलं आणि मला उचलून खाली सोडलं. कच्च! मग काचा गोळा करून खोल पुरल्या. मला धुतलं, कपड्याने पुसलं आणि लेकीच्या हातात देत म्हणाले, "सकाय मैदानवर मीबी येस."

मित्रांनो, माझ्यावर गंज चढला तर चढू द्या, तो घासून निघतो. तुम्ही तुमची मान जपा. हरलात तरी चालेल, पण तिच्यातली धडधड तुमची स्वतःची असू द्या. संघमित्रा आता पुढच्या वर्षाच्या तयारीला लागली आहे आणि मी दिवसेंदिवस लांब पडतो आहे. तरी मला विचाराल, तर माझी सगळ्यात चांगली फेक भटूआबांची. वीतभरसुद्धा नव्हती, आणि कोणी टेप लावून ती मोजलीही नाही.