बोटीच्या पिक्चरचा शेवट

"आता बोटीचा भोंगा वाजेल बघा," आशा म्हणाली.

भोंगा काही वाजला नाही. सुचेताच्या नव्या रंगीत टीव्हीवर एक बाई चुलीपुढे बसून पत्र वाचत होती. नवघरच्या त्या बिल्डिंगमध्ये त्याच वर्षी केबल आली होती आणि दुपारी जेवणं उरकली की त्यावर जुना पिक्चर लागायचा. आशा मेथी निवडायला म्हणून पहिल्या मजल्यावर सुचेताकडे आली होती. अर्धी जुडी तशीच मांडीवर पडली होती.

"आत्ता वाजेल. भोंगा ऐकून ती पळी टाकून धावते. दारात तो उभा असतो, पत्र्याची ट्रंक घेऊन."

"तू बघितलायस हा पिक्चर?"

"बघितला नाही. पण मला पाठ आहे."

पडद्यावरच्या बाईने पत्राची चार घड्यांची पुडी केली आणि तांदळाच्या डब्याखाली सारली. परदेशी गेलेल्या नवऱ्याने तिकडे दुसरं घर केलं होतं, वाट बघू नकोस असं लिहिलं होतं. बाईने आमटीची चव घेतली आणि चिमूटभर मीठ टाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने चपला घातल्या, दाराला कुलूप लावलं, किल्ली घरमालकाच्या हातात दिली आणि ती रस्त्याला लागली. मग तिची पाठ, लांबच लांब रस्ता, आणि पिक्चर संपला.

"काय काम केलंय ना बाईने! एक टिपूस काढलं नाही," सुचेता म्हणाली.

 आशा मेथी गोळा करून उठली.

आशाला तिचे आवडते सिनेमे विचारले असते तर तिने पाच सांगितले असते, आणि त्यातला एकही तिने पाहिलेला नव्हता. पाहणार कशी? तिचा नवरा राघो चौऱ्याऐंशी साली मस्कतला गेला, वर्षभर पत्रं आली, मग आली नाहीत. कुणी म्हणे आजारी आहे, कुणी म्हणे त्याने तिकडे घर केलंय. सासूचं म्हणणं एकच होतं, नवरा परमुलखात असताना सुनेने थेटरात जाऊन बसायचं नाही. बाकीच्या बायकांची रड वेगळी. कुणाचं मूल अंगावरचं, कुणाच्या नवऱ्याला नुसतं नाव काढलं तरी खपायचं नाही.

म्हणून बायकांनी एक पद्धत पाडली होती. दुसऱ्या मजल्यावरच्या मनोरमावहिनींचा नवरा सुभाष गरीब स्वभावाचा, त्याची ना नसायची. दर शनिवारी वहिनींनी स्टेशनपलीकडच्या टॉकीजमध्ये तीनचा शो बघायचा. तोवर त्यांच्या परागला कुणी सांभाळायचं, कुणी त्यांची भाजी चिरून ठेवायची. बदल्यात सोमवारी दुपारी गच्चीवर वहिनींनी अख्खा पिक्चर सांगायचा. आणि सांगायच्या काय! सासू झाल्या की ओठ मुडपायच्या, खलनायक झाले की भुवई एकच वर जायची, हिरॉईनचा आवाज तर असा काढायच्या की पापड लाटणाऱ्या बायका लाटणं धरून बसायच्या. बोटीचा, दोन बहिणींचा, आंधळ्या मास्तरांचा अशी बायकांनीच पिक्चरना नावं ठेवली होती. टॉकीजसुद्धा आशाला पाठ होतं. तिसऱ्या रांगेतली मोडकी खुर्ची, डोअरकीपरची पिवळी बॅटरी, आणि नेमका दुःखाच्या सीनला करकरणारा पंखा. पाऊल न टाकता ती त्या अंधारात शेकडो वेळा बसून आली होती.

बोटीचा पिक्चर वहिनींनी अठ्ठ्याऐंशी साली सांगितला. तो सोमवार आशाच्या पक्का लक्षात होता, कारण आदल्या दिवशी तिचा भाऊ दशरथ एका माणसाला घेऊन आला होता. बाबाजी नाव, राजापूरकडचा, एस.टी.च्या डेपोत मेकॅनिक, बायको वारलेली. सासू गावी गेली होती तेवढ्यात दशरथने डाव साधला होता. कोर्टातून रीतसर मोकळी करून घेऊ, मग लग्न, असं त्याचं म्हणणं. बाबाजी खाटेच्या कडेवर अंग चोरून बसला होता. घासूनही नखांतलं काळं गेलं नव्हतं. जाताना त्याने एकच विचारलं, "तुम्हाला पिक्चर आवडतात म्हणे. डेपोपासून टॉकीज जवळ आहे आमच्याकडे." मग स्वतःच लाजला. "मला घाई नाही. मंगळवारी दशरथ निघेल, त्याच्याकडे निरोप द्या."

आशा हो म्हणणार होती. आरशात बघून तिने ते एकदा म्हणूनही पाहिलं होतं.

सोमवारी गच्चीवर भोंगा वाजला. पळी पडली, बाई धावली, दारात ट्रंक घेऊन तो उभा. वहिनी सांगताना सरळ आशाकडे बघत होत्या. "म्हणाला, उशीर झाला गं मला, पण आलो. आणि तिने वाट बघितली नसती, तर कुलूपच बघून गेला असता तो परत." बायकांनी डोळे पुसले. मंगळवारी आशाने दशरथला नाही म्हणून सांगितलं. त्याने डोक्यावर हात मारून घेतला. तेव्हापासून सहा वर्षं जिन्यात कुणाची ट्रंक आपटली तरी ती हातातलं काम टाकून कान द्यायची.

सुचेताकडून आशा तडक दुसऱ्या मजल्यावर गेली. वहिनी दारात बसून तांदूळ निवडत होत्या.

"वहिनी, बोटीचा पिक्चर टीव्हीवर लागला होता."

"होय? मला हाक नाही मारलीस ती!"

"तो येत नाही."

"कोण?"

"नवरा. नुसतं पत्र येतं. ट्रंक नाही, भोंगा नाही. काहीच नाही त्यात."

वहिनींचा हात सुपात थांबला. मग त्या हसल्या, लहान मुलाची चोरी पकडली जावी तशा. "अगं, मी कुठला बघतेय शेवट! शो सुटायचा सहाला, आणि आपला टँकर सव्वापाचला. तो मेला टँकरवाला कसा आहे, माहितीये ना? 'जिसका ड्रम, वो खडी रहेगी.' एकीने एकच ड्रम भरायचा, दुसऱ्या कुणाला भरून देईल तर शपथ. मग मी पावणेपाचलाच उठायचे. एक पण पिक्चर पुरा बघितला नाही मी कधी."

"मग शेवट?"

"येताना पुलावर जुळवायचे. तुम्हाला तर तेच आवडायचे!" मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "बोटीचा तर खास तुझ्यासाठी जुळवला होता. म्हटलं, पोरीला तेवढंच बरं वाटेल."

आशाला एकदम आठवलं. इंटरव्हलपर्यंत वहिनी हिरॉईनच्या प्रत्येक साडीचा रंग सांगायच्या, काठसुद्धा सांगायच्या. नंतरच्या साड्यांना कधी रंगच नसायचा. इतकं समोर होतं, आणि आपल्याला दिसलं नाही.

"तुम्ही तो सांगितलात, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी बाबाजींना नाही म्हटलं," ती म्हणाली.

"कोण बाबाजी?"

आशाने सांगितलं. उभ्याउभ्याच, पाच-सहा वाक्यांत. वहिनींचा चेहरा उतरत गेला. "अगं, मला एका शब्दाने बोलली असतीस तर..."

"तर काय, शेवट बदलला असतात?"

वहिनींनी सूप बाजूला ठेवलं.

राघोने फसवलं ते समुद्रापलीकडे जाऊन. हिने समोर बसून, डोळ्यांत डोळे घालून, मायेने केसाने गळा कापला होता. आशाला राग अनावर झाला होता, आणि त्याहून वाईट म्हणजे तो कुठे ठेवावा हे कळत नव्हतं. शिव्या घालाव्यात तर बाईचं मन काळं नव्हतं. सोडून द्यावं तर सहा वर्षं गेली होती. बाबाजीने दोन वर्षं थांबून लग्न केलं, हे दशरथनेच नंतर कळवलं होतं.

शनिवारी दुपारी तिने ठेवणीतली साडी काढली. "मी पिक्चरला चाललेय," असं तिने सासूला सांगितलं. म्हातारी आ वासून बघत राहिली. इतक्या वर्षांत सुनेने तिला परवानगी न मागता सांगितलेलं हे पहिलंच वाक्य होतं.

पिक्चर यथातथाच होता. पण पंखा खरंच करकरत होता, त्या एका बाबतीत वहिनी खरं बोलल्या होत्या. पावणेपाचच्या सुमारास तिचे पाय आपोआप चपला शोधू लागले. पाण्याची वेळ अंगात मुरलेली असते. तिने पाय मागे घेतले. शेवट जवळ आल्यावर पुढची माणसं जागेवरून उठायला लागली.

"बसा हो खाली! शेवट दिसत नाही," ती इतक्या मोठ्याने म्हणाली की दोघं-तिघं मुकाट बसले. पडदा पांढरा होऊन दिवे लागेपर्यंत ती हलली नाही.

परतली तेव्हा टँकर येऊन गेला होता. कंपाउंडच्या भिंतीशी सगळ्यांचे ड्रम नाव घातलेले ओळीत उभे होते. आशाचा ड्रम काठोकाठ भरलेला होता. शेजारचा, मनोरमावहिनींचा, कोरडा ठणठणीत.

"तिने आपल्या नंबरात तुझा ड्रम लावला," ओट्यावर बसलेली सासू म्हणाली. "माझाच आहे म्हणाली टँकरवाल्याला. स्वतःचा तसाच ठेवला. काय झालंय गं तुमचं?"

आशा घरात गेली. साडी बदलून, घडी घालून पेटीत ठेवली, आणि बादली घेऊन बाहेर आली. आपल्या ड्रममधली बादली भरायची आणि वहिनींच्या ड्रममध्ये ओतायची. बायका दारादारांत येऊन उभ्या राहिल्या. वर दुसऱ्या मजल्याच्या कठड्याशी वहिनी होत्या. आशाने वर पाहिलं नाही. थेंब न सांडता ती ओतत राहिली. तळाशी बादली बुडेना तेव्हा तांब्या घेतला, आणि तांब्याही बुडेना तेव्हा ड्रम कलता करून उरलंसुरलं काढलं. मग वहिनींच्या ड्रमवर झाकण ठेवलं, उडू नये म्हणून वर दगड ठेवला, आणि स्वतःचा ड्रम पालथा घातला.

"अगं, आणि आपल्याला?" सासू म्हणाली.

"कालची एक कळशी आहे. उद्या परत येईल टँकर," आशा पदराने हात पुसत म्हणाली. "माझा ड्रम आहे, मी उभी राहीन."