एकोणीस चेहऱ्यांचा फ्लेक्स

भंडाऱ्याच्या बसस्टँडमागच्या दुकानात मी फ्लेक्सची डिझाइनं करते. कोणत्याच कॉलेजात शिकले नाही. नऊ वर्षं लोकांची तोंडं कापून चिकटवली, त्यातून एवढं समजलं: डोळा एकाच ठिकाणी थांबतो. कुठे थांबवायचा ते आधी ठरवा आणि बाकीच्यांना गप्प बसवा.

भैय्यालाल मेश्राम बायकोचा फोटो घेऊन आले. जवाहरनगरच्या फॅक्टरीतून रिटायर झालेला माणूस. सुमित्राबाई गेल्या होत्या; त्यांचं पुण्यानुमोदन, म्हणजे बौद्धांकडचा श्रद्धांजलीचा कार्यक्रम, रविवारी होतं.

"बेटा, हिचा चेहरा दुरून दिसला पाहिजे," एवढंच म्हणाले.

मी तसंच केलं. मधोमध सुमित्राबाई, तळाशी नाव, भोवती मोकळी जागा.

संध्याकाळी ते पुतण्याला घेऊन आले. संजीव यंदा निवडणुकीला उभा राहणार. मोबाइलमध्ये एकोणीस फोटो, पहिला स्वतःचा.

"मॅडम, एवढी जागा रिकामी काहून सोडली? अभिवादन करणारे टाका ना."

"मग काकू दिसणार नाहीत."

"काकूले सारेच ओळखतेत. मले ओळखाले पाहिजे ना."

हसत बोलला. लाज नावाला नाही. मी भैय्यालालकडे पाहिलं. ते स्वतःच्या चपलेकडे पाहत होते.

"राहू दे बेटा. घरच्यायचं मन राखा लागते."

रोज हेच भांडण आणि रोज मीच हरते. थकले होते. बसवली एकोणीस तोंडं. संजीव सगळ्यात मोठा, हात जोडून. सुमित्राबाई वरच्या कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटाएवढ्या.

सोमवारी भैय्यालाल एकटेच आले. स्टुलावर बसले.

"बपेऱ्याहून रुखमिणी आली होती. हिची लहानपणची मैत्रीण. तिले एवढंच समजलं होतं का आमच्याकडे पुण्यानुमोदन आहे. फ्लेक्स पाहला अन् मेणबत्ती लावली संजीवच्या फोटोपुढं. रडून राहिली, म्हणे एवढा तरणा पोरगा कसा गेला. संजीव बाजूलेच उभा."

मला हसू आलं. त्यांना नाही.

"मंग मले विचारते, सुमित्रा कुठं हाये, तिले भेटाचं हाये."

मी जुनी फाइल उघडली. घरात लावायच्या फ्रेमच्या मापात बसवली. मधोमध सुमित्राबाई, बाकी काही नाही.

भैय्यालालनी मोकळ्या जागेवर बोट ठेवलं. "इथं माझा फोटो बसते काय?"

"बसेल. पण मग डोळा तुमच्याकडेही जाईल."

बोट तिथंच होतं.

"मंग नको," म्हणाले. "रिकामीच राहू दे ती जागा."