पंधरा भाग उजेड

मित्रांनो, एक खोली डोळ्यांपुढे आणा. खिडकीशी दोन स्टुलं. एकावर आई, समोर तिची लेक. आईला ऐकू येत नाही. लेक बोलते आणि आई तिचे ओठ वाचते. त्या ओठांवर उजेड कोण पाडतं? मी. मी त्या खिडकीची जुनी काच आहे, आणि माझा राग अजून उतरलेला नाही.

भट्टीतून निघाले तेव्हापासून माझं काम एकच. वारा-पाऊस अंगावर घ्यायचा आणि उजेड आत सोडायचा. आई मला पुसायची ती लेकराचं तोंड पुसावं तशी.

बाबांना मात्र खोली तापते याचाच त्रास. एका सकाळी ते काचेवर ऊन अडवणारी काळसर फिल्म बसवणाऱ्याला घेऊन आले. त्याने तळहाताएवढे नमुने माझ्यावर चिकटवले. सत्तरची फिल्म शंभरातले सत्तर भाग उजेड आत सोडते, पंधराची पंधराच, असं त्याने समजावलं. ऊन अडवायला सत्तरचीही पुरेल म्हणाला. पण ती बाबांना दिसेचना.

"एवढे पैसे घालून लावायची, तर ती दिसायला तरी नको का?" बाबा म्हणाले.

पंधराच्या तुकड्यातून त्यांना बाहेरचं झाड छान दिसलं. दिसणारच! बाकीची मी उघडीच होते, खोली माझ्याच उजेडाने भरली होती. एवढ्याशा तुकड्यावरून त्यांनी अख्खी खिडकी ठरवली. आईला विचारलंसुद्धा नाही.

पंधराची फिल्म अंगभर बसली आणि मी काळवंडले. दिवा लावला तर तो डोक्यावर, म्हणून नाकाची सावली नेमकी ओठांवर. दुसऱ्याच दिवशी लेक सांगत होती, की तिची जिवलग मैत्रीण शाळा सोडून चालली. आई हसून म्हणाली, "अरे वा, छान झालं."

लेकीचा चेहरा पडला. तोही आईला दिसला नाही. माझा तिळपापड झाला. पण काचेला ओरडता येत नाही, फक्त तडकता येतं, आणि खाली लेकीचे अनवाणी पाय होते.

मित्रांनो, फिल्म खुशाल लावा. पण आधी मोठा तुकडा मागून सगळी काच झाका, आत बसून बघा, आणि त्या उजेडावर कोणाचं काय अवलंबून आहे ते विचारा.

त्याच दुपारी लेकीने बाबांना आईच्या स्टुलावर बसवलं. दिवा बंद केला आणि समोर बसून आवाज न करता ओठ हलवत राहिली.

"काय म्हणतेस? मला नीट दिसत नाहीये गं."

"आईलापण," लेक म्हणाली. मग उठली, माझ्या कोपऱ्यात फिल्मखाली नख घातलं आणि ओढायला लागली.